निकाल लागला, पण न्याय झाला का?

प्रश्न : माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कामाला होते. १९८२ च्या संपात गेलेली नोकरी परत मिळाली नाही आणि थकलेली देणी आली ती त्यांच्या निधनानंतर. हिशेब पूर्ण झाला, असे भाऊ म्हणतो. मला मात्र न्याय झाला असे का वाटत नाही?
– एक वाचक, परळ

उत्तर : ताई, तुमचे वाटणे रास्त आहे. अमर्त्य सेन यांनी ‘नीती’ आणि ‘न्याय’ या संस्कृत शब्दांत केलेला भेद इथे उपयोगी पडतो : नियम आणि संस्था यथायोग्य असणे ही नीती, तर त्यांतून माणसांच्या प्रत्यक्ष जगण्यात काय उतरले, हे पाहणे म्हणजे न्याय. तुमचे बंधू पहिल्याविषयी बोलतात, तुम्ही दुसऱ्याविषयी.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात लुटुपुटूच्या खटल्यात आरोपी ठरवल्या गेलेल्या शिक्षिका बेणारेबाई अखेरीस मन मोकळे करतात, पण ते ऐकणारे त्या कोर्टात कोणीच नसते. मला ते स्वगत शिक्षेहूनही अधिक बोचते. माझ्या मामांचा गिरगावातील खोलीचा दावा कित्येक वर्षांनी त्यांच्या बाजूने लागला, तेव्हा त्यांनी पेढे आणले नाहीत. “मला कोणी काही विचारलेच नाही,” एवढेच ते म्हणाले. त्यांना खोलीइतकेच आपले म्हणणे ऐकले जायला हवे होते, हे मला फार उशिरा कळले.

वडिलांनी त्या वर्षांत काय सोसले, ते भावासोबत बसून लिहून काढा. आई असतील, तर आधी त्यांना विचारा.