सात पेडलं जोडल्यावर गिटारचा आवाज दबतो; सगळी पेडलं ट्रू बायपास करून घेऊ का?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. "बँडमधला सीनियर म्हणतो, बफर टोन खातो, सगळी पेडलं ट्रू बायपास कर." (नवख्यांसाठी: पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधली, पायाने चालू-बंद करायची आवाज बदलणारी डबी. बफर म्हणजे सिग्नलला पुढे ढकलणारं छोटं सर्किट. ट्रू बायपास म्हणजे बंद पेडलातून सिग्नल नुसत्या तारेने जाणं.) शब्दाला शब्द हेच मी २००८ साली ऐकलं होतं आणि त्यापायी दोन चांगली पेडलं विकून बसलो. पेडलांचा क्रम, ओव्हरड्राइव्हमध्ये (आवाज थोडा फाटका, जाड करणाऱ्या पेडलात) करायचा बदल आणि १५,००० रुपयांत आणखी काय घ्यावं, हेही तुम्ही विचारलंय. तिकडे येतो, पण आधी हे सांगू द्या.

करू नका. सात पेडलं आणि लांब केबल असेल तर अजिबात करू नका.

मी तेव्हा सांगली-मिरजेकडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचो. गणपती, नवरात्र, मग गावोगावच्या जत्रा, असा हंगाम असायचा. आम्ही दोन गिटारवाले. दुसरा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, सगळे त्याला दादाच म्हणायचे. बॅरे कॉर्ड मी त्याच्याकडून शिकलो, त्यामुळे त्याचा शब्द माझ्यासाठी शेवटचा होता. माझ्या बोर्डावर सुरुवातीला बॉसचा टीयू-२ ट्युनर आणि शेवटाकडे पिवळं एसडी-१ ओव्हरड्राइव्ह होतं. दोन्हींत बफर असतो, म्हणजे पेडल बंद असलं तरी सिग्नल त्या बफरमधून जातो. दादा म्हणाला, "तुझा आवाज दोनदा गाळून बाहेर पडतोय. हे काढ." मी काढलं. ट्युनर आणि एसडी-१ विकले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्रू बायपाससाठी लागणारे नऊ पायांचे थ्रीपीडीटी स्विच आणले आणि उरलेल्या पेडलांत बसवले. एसडी-१च्या जागी डॉट पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या सर्किट पाटीवर) स्वतः जोडलेला, ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलाच्या घडणीचा ओव्हरड्राइव्ह ठेवला. दोन महिने रात्री जागून सोल्डरिंग केलं. सात पेडलं, सातही ट्रू बायपास. त्या बोर्डाचा मला फार अभिमान होता.

गणपतीच्या सातव्या दिवशी तासगावच्या पुढे एका गावात कार्यक्रम होता. एका गाण्याच्या सुरुवातीचा क्लीन (न फाटलेल्या, स्वच्छ आवाजाचा) पीस माझा. घरी मी छोट्या केबलवर, एकेक पेडल जोडून तपासलं होतं. स्टेजवर गिटारपासून बोर्डापर्यंत पाच मीटर, बोर्डापासून अ‍ॅम्पपर्यंत सहा मीटर, आणि पेडलांमधल्या तुकड्यांची मिळून दोनेक मीटर वायर झाली. पीस सुरू केला आणि माझा मलाच ओळखू येईना. तोंडावर उपरणं धरून कुणी बोलावं तसा आवाज. ट्रेबल पूर्ण उघडला तरी फरक नाही. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सुरू झाल्यावर तर गिटार गायबच.

मध्यंतरात मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्यापासून हा पीस कीबोर्डवर. गिटार लोकांना ऐकूच येत नाही." दादा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "याचा हात अजून बसलेला नाही." बोर्ड त्याच्या सांगण्यावरून बदलला होता, त्याबद्दल एक शब्द नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड घेऊन मिरजेला मामांकडे गेलो. मामांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. गिटार त्यांनी कधी हातात धरली नव्हती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सगळं बंद असताना आवाज बसतो, का चालू असतानाबी?" मला आठवलं, ओव्हरड्राइव्ह चालू केला की चमक बरीचशी परत यायची. मामा म्हणाले, "मग पेडलं चांगली हायत. बंद केली की तिथं नुसती वायर राहती. वायर मोजूया."

गिटार आणि अ‍ॅम्प काढून, सगळी पेडलं बंद ठेवून त्यांनी एका टोकाला मीटर लावला. कपॅसिटन्स, म्हणजे वायरची विजेचा भार साठवण्याची क्षमता, भरला १,९०० पिकोफॅरडच्या वर. तो जितका जास्त, तितका वरचा, चमकदार आवाज गळतो. स्वस्त केबल, मीटरमागे साधारण १५० पिकोफॅरड, गुणिले तेरा. मग त्यांनी बिलबुकाच्या पाठीवर गणित मांडलं. माझ्या स्ट्रॅट गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपवर (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या एकेरी गुंडाळीवर) केसासारख्या तारेचे सुमारे ८,००० वेढे असतात, त्याचा इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या करंटला होणारा विरोध) धरा अडीच हेन्री. ही कॉइल, तिचा स्वतःचा थोडा कपॅसिटन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एका ठिकाणी आवाजाला उभारी देतात आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने ढासळतं. तीन मीटर केबल असेल तर ही जागा ४,३०० हर्ट्झच्या आसपास येते. माझ्या तेरा मीटरांवर ती २,२०० हर्ट्झवर उतरली होती. पिकचा खटका आणि तारेचा किणकिणाट याच्या वरच राहतो. तोच गेला होता.

ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल सरळ तारेने पुढे जातो, एवढंच. सातही बंद असली तर तुमच्या बिचाऱ्या पिकअपला तेरा मीटर केबल एकट्याने ओढावी लागते. बफरचं काम तिथे असतं. तो पिकअपकडून जवळजवळ काहीच मागत नाही आणि पुढची केबल स्वतःच्या ताकदीवर चालवतो. "एवढी लांब वायर, आन् ढकलायला कोण न्हाई," असं मामा म्हणाले होते. माझ्या ट्युनरमधला बफर हेच काम मुकाट्याने करत होता आणि मी तो विकला होता.

मामांनी तासाभरात एक टीएल०७२ (ऑडिओसाठी वापरतात ती छोटी ऑप-अँप आयसी) काढून बफर जोडला. दहा-दहा किलोओमचे दोन रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरून साडेचार व्होल्टचा मधला बिंदू, तिथून एक मेगओमने आयसीच्या इनपुटला बायस, आउटपुट परत उलट्या इनपुटला, आत-बाहेर एकेक कपॅसिटर. झालं. सगळे सुटे भाग मिळून पन्नास रुपयांचेही नव्हते. त्या संध्याकाळी तोच बोर्ड, त्याच केबली, तोच माझा हात, आणि आवाज स्वच्छ. नवरात्रात तो पीस मला परत मिळाला. दादाने मात्र एकदाही दोन्ही आवाज शेजारी ठेवून ऐकले नाहीत. "बफर काढलास की खरा टोन कळेल," एवढंच म्हणत राहिला.

आता तुमचा क्रम. गिटार, फझ (आवाज पार फाडणारं पेडल) असेल तर फझ, मग बफर किंवा बफरवालं ट्युनर, वाह (पायाने हलवून "वा-वा" आवाज काढायचं), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं), ओव्हरड्राइव्ह, कोरस-फेझर (आवाज लहरता करणारी), डिले (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं), रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा देणारं). डिस्टॉर्शन अ‍ॅम्पचंच वापरत असाल तर डिले आणि रिव्हर्ब अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शननंतर पेडलं जोडायच्या जागेत) टाका. यावर लोक पानंच्या पानं लिहितात. मला त्यात फार दम वाटत नाही. दोन पेडलं अदलाबदल करा आणि ऐका.

ओव्हरड्राइव्हमधला बदल: ट्यूब स्क्रीमरच्या घडणीत ४.७ किलोओमच्या रेझिस्टरसोबत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. ७२० हर्ट्झच्या खाली गेन कमी होतो, तो यामुळे. तिथे ०.१ बसवलात की ही सीमा ३४० हर्ट्झपर्यंत खाली येते आणि आवाज भरदार होतो. घरी छान वाटतं. बँडमध्ये बेस आणि कीबोर्डचा डावा हात तीच जागा अडवून बसलेला असतो, म्हणून मी ०.१ काढून पुन्हा ०.०४७ लावला. तुम्ही स्टेजवर वाजवत असाल तर हात लावू नका.

१५,००० रुपयांत नवं पेडल घेऊ नका. आधी आयसोलेटेड पॉवर सप्लाय (प्रत्येक पेडलाला स्वतंत्र, एकमेकांशी न जोडलेलं आउटपुट देणारा) घ्या, उरलेल्या पैशात कमी कपॅसिटन्सची केबल. तुम्ही लिहिलंय की डिले जोडला की बारीक शिट्टी येते. एकाच अडॅप्टरला माळेच्या वायरने सगळी पेडलं लटकवल्यावर तसंच होतं. अ‍ॅनलॉग ओव्हरड्राइव्ह पाच-दहा मिलिअँपिअर घेतो, डिजिटल डिले त्याच्या कितीतरी पट घेतो, आणि त्याच्या क्लॉकची खरखर त्याच सामायिक तारेतून सगळ्यांत शिरते. मामांनी मला एका ट्रान्सफॉर्मरवर पाच वेगळी १२ व्होल्टची वाइंडिंग करून, प्रत्येकीवर ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि ७८०९ (स्थिर नऊ व्होल्ट देणारी आयसी) लावून सप्लाय बनवून दिला. सोळा वर्षं झाली, चालू आहे. पण त्यांचा हात त्यात मुरलेला होता. २३० व्होल्टचं काम तुम्ही घरी करू नका, तयार सप्लाय घ्या.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. फझ बफरच्या आधी ठेवायला सांगितलं, त्याला कारण आहे. १९६६ सालच्या फझ फेसच्या घडणीच्या सर्किटला थेट पिकअपच लागतो. आधी बफर आला की आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवून आवाज स्वच्छ करण्याची मजा जाते. मी मामांच्या डब्यातल्या, जुन्या रेडिओतून काढलेल्या एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांवर असा फझ बनवला आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरातून होणारी करंटची गळती उष्णतेने वाढते, त्यामुळे एप्रिलमध्ये दुपारच्या साउंड चेकचा आवाज रात्री राहत नाही. शिवाय अशा पीएनपी (या ट्रान्झिस्टरांच्या प्रकाराच्या) फझला पॉझिटिव्ह ग्राउंड असतं, म्हणजे बाकी पेडलांच्या उलट त्याचं प्लस टोक ग्राउंडला असतं. बाकीच्या पेडलांच्या माळेत तो जोडलात तर सप्लाय सरळ शॉर्ट होतो. त्याला वेगळी बॅटरी किंवा आयसोलेटेड आउटपुटच द्या.

दुसरं, ट्रू बायपासचं नाव उगाच झालेलं नाही. जुन्या वाह पेडलांत बंद असतानाही सर्किटचं इनपुट सिग्नलला लटकलेलं राहायचं आणि ते खरंच आवाज खायचं. त्यावर तो उपाय होता. दोन-तीन पेडलं आणि छोटी केबल असेल तर आजही ट्रू बायपास उत्तम. आणि सातही पेडलांत हलके बफर असले तर थोडी खरखर साठते, हेही खरं. मधला मार्ग म्हणजे सुरुवातीला एक चांगला बफर, लागलाच तर शेवटी आणखी एक, बाकी काहीही चालेल. डेव्हिड गिल्मरचे बोर्ड बांधणारा पीट कॉर्निश बफरच्याच बाजूने ठाम आहे. तुमच्या सीनियरला मोठं नाव लागत असेल तर हे सांगा.

तिसरं, सगळी पेडलं काढून गिटार थेट अ‍ॅम्पला लावल्यावरही गुणगुण राहिली तर ती सिंगल कॉइलची आहे. लाइटच्या डिमरपासून लांब उभे राहा. पण ती घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणी काढत असेल तर त्याचा हात धरा. मंडळांच्या स्टेजवर हे सर्रास चालतं आणि त्यात जीव जाऊ शकतो.

सीनियरशी वाद घालू नका. त्याला पाठमोरं बसवा. तुम्हीच, तोच तुकडा, तीनदा वाजवा: थेट तीन मीटर केबलवर, मग सगळी पेडलं बंद ठेवून बोर्डातून, मग बोर्डाच्या तोंडाशी बफर लावून. कोणते दोन आवाज एकमेकांच्या जवळचे वाटतात, एवढंच विचारा.

आणि दादा, तुलाही सांगतो. तू इथे लिहितोस, गेल्या महिन्यात एका मुलाला तू तेच "बफर टोन खातो" सांगितलेलं मी वाचलं. मामांचा तो बफर अजून माझ्या बोर्डावर आहे आणि ती सहा मीटरची जुनी केबलही मी जपून ठेवली आहे. गणपतीत मिरजेला आलास की घरी ये. वाजव तूच, मी पाठ करून बसतो.