पेंटॅक्स के १००० हा रोलचा कॅमेरा सेकंडहँड मिळतोय, कोकणात टिकेल का? घेताना काय तपासायचं?

टिकेल. लेन्समधून टॉर्च मारून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे, तो सोडून द्या. घरी आणलात की लाकडी कपाटात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. शटर मेकॅनिकल आहे, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागतो. १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, त्यामुळे बाजारात भरपूर आहेत. एवढं तुम्हाला कोणीही सांगेल. मी लिहायला बसलो कारण बाकीचे सगळे सांगतात, आधी मागचं झाकण उघडून आत बघा. अजिबात उघडू नका.

आम्ही गुहागरचे. माझा के १००० चिपळूणच्या एका काकूंकडून घेतलाय, चार हजारांना. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचा खालचा मजला पूर्ण पाण्यात होता. फोटोचे अल्बम गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात, त्यांचा अक्षरशः लगदा झाला, घरात जुना म्हणून एक फोटो राहिला नाही. कॅमेरा माळ्यावर होता म्हणून वाचला. त्यांच्या यजमानांचा, ते जाऊन बरीच वर्षं झालेली.

घरी आणून पडवीत ठेवला तर किती फोटो काढलेत ते दाखवणारा काउंटर २९ वर. दादाने हातात घेतला, त्याने पूर्वी लग्नाचे फोटो काढलेत, त्यामुळे कॅमेऱ्यातलं त्यालाच कळतं असं त्याचं मत. मी म्हटलं थांब, आत रोल असेल. "एवढी वर्षं पडलेल्या कॅमेऱ्यात कसला रोल!" म्हणाला आणि डावीकडची गोल कळ वर ओढली. खट्. झाकण उघडलं, आत चकचकीत फिल्म, आणि समोर दुपारचं ऊन. दोन-तीन सेकंद असतील. झाकण दाबेपर्यंत काउंटर परत सुरुवातीला गेलेला.

रोल इंदूचा निघाला, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, ब्लॅक अँड व्हाइट. तेच नशीब, कारण काढून न धुतलेला ब्लॅक अँड व्हाइट रोल रंगीतपेक्षा जास्त वर्षं तग धरतो. मी तो घरीच धुतला, एचसी-११० या डेव्हलपरमध्ये, जुन्या फिल्मवर त्याने धुरकटपणा कमी येतो म्हणून. पाणी २० डिग्रीला हवं, आमच्या विहिरीचं कुठलं तेवढं गार, परातीत बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवल्या. हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणातून, काढून पट्टी दिव्यासमोर धरली तेव्हा हात थरथरत होते.

या कॅमेऱ्यात काढलेले फोटो उजवीकडच्या रिळावर गुंडाळत जातात, पहिले फोटो सगळ्यात आत, शेवटचे बाहेर. ऊन बाहेरून लागतं. म्हणून पहिले १४ स्वच्छ आले. गणपतीचे दिवस, ओटीवर झोपाळा, झोपाळ्यावर काकूंचे सासरे, मांडीवर लहान मुलगी. १५ वा अर्धा काळा, रहाटाजवळ कोणीतरी उभं आहे, चेहरा गेलाय, फक्त कोपरापासून हात आणि हातात कळशी. त्यापुढे २९ पर्यंत काळंकुट्ट.

प्रिंट घेऊन चिपळूणला गेलो. सासऱ्यांचा फोटो काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग १५ वा हातात घेतला, बांगड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "हा आईंचा हात." सासूबाईंचा. नंतर विचारलं, "पुढे अजून आईंचे असतील का हो?" मी काय सांगणार होतो.

निगेटिव्ह आणि प्रिंट सगळे त्यांना देऊन आलो, पैसे घेतले नाहीत. यावरूनही दादाशी वाजलं, त्याचं म्हणणं चार हजार मोजले म्हणजे आतलं सगळं आपलं. मला हे मुळीच पटत नाही. कॅमेरा विकला होता, सासरे विकले नव्हते. आणि "जुनी फिल्म, तशीही खराबच झाली असती" हे तो अजून म्हणतो, तर १४ फोटो स्वच्छ आलेत त्याच रोलवर, त्याच वर्षांतून गेलेले, ते कसे आले?

तर तपासायचं असं. काउंटर बघा. मग डाव्या कळीवरची छोटी दांडी बाणाच्या दिशेला हळू फिरवा, कळ वर ओढायची नाही. सैल फिरत राहिली तर आत काही नाही, खुशाल उघडा. अडली तर रोल आहे, थांबा, जोर लावू नका. खालच्या बाजूला बारीक बटण आहे ते दाबा आणि दांडी फिरवत राहा, एकदम हलकी झाली की फिल्म डबीत गेली, मग उघडा. आणि विकणाऱ्याला लगेच फोन करा.

झाकणाच्या कडेचा फोम चिकट झालेला असतोच, तो बदलून घ्या. लेन्सला कॅप लावून ठेवा, नाहीतर मीटर चालूच राहतो आणि सेल संपतो. रोल आणि धुण्याचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त होईल वर्षभरात, तो आधी धरा. किंमत तुम्ही लिहिली नाहीत, त्यामुळे महाग की स्वस्त सांगता येत नाही. विकणारा दुकानदार नसेल, घरातला माणूस असेल, तर कॅमेरा कोणाचा होता तेवढं विचारून ठेवा, म्हणजे आत काही निघालंच तर कोणाकडे न्यायचं ते माहीत असेल.