अबोल स्वभावामुळे मार्क कमी पडतात का?

तुम्ही विचारलंय की मी अबोल आहे, वर्गात तोंड उघडत नाही, म्हणून युनिव्हर्सिटीत मागे पडतोय का. माझं उत्तर नाही असंच आहे, सगळं खापर अबोलपणावर फोडू नका.

एमएला सायकॉलॉजी होतं माझं, त्यामुळे हे थोडंफार वाचलंय. स्वभावाचे पाच मोठे घटक मानतात, बिग फाइव्ह, त्यातला बोलका-अबोल हा जो भाग आहे त्याचा मार्कांशी संबंध जवळपास नाहीच. संबंध दिसतो तो कॉन्शिएन्शसनेसशी, आता याला मराठीत नेमका एक शब्द मला तरी सुचत नाही, काटेकोरपणा आणि चिकाटी मिळून जे होतं ते. आर्थर पोरोपॅट या संशोधकांनी २००९ मध्ये आधीचे ढीगभर अभ्यास एकत्र करून बघितले, ७० हजारांच्या वर विद्यार्थी, त्यात हा सहसंबंध साधारण ०.२२ निघाला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). गंमत म्हणजे शाळेतले मार्क हिशोबात धरल्यावरही युनिव्हर्सिटीतल्या मार्कांचा अंदाज बांधायला याचा उपयोग बुद्धिमत्तेइतकाच झाला.

माझी होस्टेलची रूममेट अशीच होती. हुशार म्हणाल तर आमच्यासारखीच, पण लेक्चर झालं की त्याच रात्री वही काढायची, जिथे डोक्यावरून गेलंय तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह, आणि दुसऱ्या दिवशी सरांना वर्गाबाहेर गाठून विचारलं की खोडरबराने ते पुसून टाकायची. सबमिशनच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्या जाग्या आणि ही साडेदहाला गाढ झोपलेली, रागच यायचा खरं तर! आणि हो, वर्गात ती एक शब्द बोलायची नाही.

पण ०.२२ म्हणजे काही फार नाही हां, या आकड्याला त्यानेच गुणलं तर मार्कांमधल्या फरकाचा जेमतेम ५ टक्के भाग. म्हणजे अव्यवस्थित असून टॉप करणारेही भरपूर निघतात. मध्ये ग्रिट ग्रिट म्हणून, म्हणजे चिवटपणा, फार गाजलं, तेही बरंचसं कॉन्शिएन्शसनेसच आहे, नाव नवीन.

तुम्ही एक करा, मागच्या दोन सेमिस्टरचे लेखी आणि तोंडी मार्क वेगळे काढून बघा. फक्त व्हायवा आणि सेमिनारलाच कापले जात असतील तर अबोलपणाचा हात आहे म्हणता येईल, लेखीतही तेवढेच जात असतील तर मग आधी वही उघडून बघा.