दोन्हीकडे नीट बघून रूळ ओलांडले तर खरंच एवढा धोका असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीजवळ लाईनीला लागून नवीन घर घेतलंय, पूल लांब पडतो, शेजारीपाजारी सगळे कुंपणाच्या भगदाडातून रूळ ओलांडतात, आणि मुलगा पुढच्या वर्षापासून कॉलेजला एकटा जाणार. डोळे-कान उघडे ठेवून ओलांडलं तर काय बिघडतं?

मी रेल्वेत ट्रॅकमन होतो, आता निवृत्त आहे. आम्ही रुळांवर कामाला उतरायचो तेव्हा गँगमधला एक जण कुदळीला हात लावायचा नाही. त्याचं काम एकच, गाडी येतेय का ते बघायचं आणि शिट्टी मारायची. ज्यांचा जन्म रुळांवर गेला, अशा माणसांनाही रेल्वे स्वतःच्या डोळ्या-कानांवर भरवसा ठेवू देत नाही. आणि एवढं करूनही ड्युटीवर ट्रॅकमनचे जीव जातात. तेव्हा 'आम्ही बघूनच ओलांडतो' हे मला कुणी सांगितलं की मी वाद घालत नाही, एवढंच विचारतो, तुमचा शिट्टीवाला कुठाय?

डोळा फसतो तो असा. गाडी समोरून सरळ आपल्याकडे येत असते, तेव्हा ती बराच वेळ जागच्या जागीच वाटते. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असंच वाटतं. ताशी १०० किलोमीटरने येणारी जलद लोकल सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. म्हणजे २०० मीटरवर दिसली तर हातात सात सेकंद. तुमच्याकडे चारपेक्षा जास्त लाईनी आहेत, खडीतून, हातात पिशवी घेऊन, तेवढ्या वेळात अर्ध्यावरही पोचत नाही माणूस. वडाळ्याला २०१०च्या सुमारास रुळांखालचे काही आडवे स्लीपर मुद्दाम पिवळे रंगवले होते, ते झाकले जाताना बघून लोकांना वेगाचा अंदाज यावा म्हणून. रंग देऊन दाखवावं लागलं, यातच काय ते आलं.

कानाचं तर विचारूच नका. विजेवरची गाडी समोरून फार आवाज करत नाही, खडखडाट कानावर येतो तो बहुतेक ती अंगावर आल्यावर. त्यात हेडफोन. पण खरा घात करते दुसरी गाडी. धीमी लोकल समोरून जातेय, ती गेली की निघू म्हणून माणूस बाजूच्या रुळावर थांबतो, आणि तिच्या आवाजात मागची जलद ऐकूच येत नाही. एक गाडी आली की आम्ही त्या एका रुळावरून नाही, सगळ्या रुळांवरून बाजूला व्हायचो. शिवाय 'ही लाईन कल्याणकडे जाणारी, इकडून गाडी येणार नाही' हा हिशेब धरू नका. काम चालू असलं, बिघाड झाला की उलट दिशेनेही गाडी सोडतात.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एकाच लाईनीच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट, पण लोकलचा डबा बारा फूट रुंद. म्हणजे रुळाच्या बाहेर दोन्ही अंगांना सव्वातीन फूट डबा येतो. रूळ सोडून कडेच्या खडीवर उभा राहिलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो, तो डब्याच्या वाटेतच असतो. वर दारात लटकलेली पोरं, त्यांच्या पाठीवरच्या बॅगा, ते वेगळंच.

गाडी मधेच थांबली तरी उतरू नका. जानेवारी २०२५मध्ये जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधले लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. डब्यात खरोखरच धूर-आग असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हाही आधी दुसऱ्या डब्यात सरका. उतरायचीच वेळ आली तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही तिकडून उतरा.

ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागायची गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी वीज अंगावर उडी घेते. उभ्या मालगाडीवर चढून फोटो काढणारी मुलं यातच भाजतात. तुमचा मुलगा कॉलेजच्या वयाचा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

कायद्याचं म्हणाल तर विनापरवाना रूळ ओलांडणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण दंडाच्या भीतीने कुणी पूल चढलेला मी पाहिला नाही.

मुलाला उपदेश करू नका, या वयात ऐकत नाहीत. एखाद्या रविवारी त्याला पुलावर घेऊन जा. लांबून जलद गाडी दिसली की म्हणावं, ती पुलाखाली केव्हा येईल ते मनात सेकंद मोजून सांग. दोन-चार गाड्यांत त्याला स्वतःलाच कळेल. आणि घरातून दहा मिनिटं आधी निघायची सवय तुम्हीच लावा, कारण भगदाडाकडे पाय वळतात ते उशीर झालेल्या दिवशी.

प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या आत. मोबाईल रुळात पडला तर खाली उडी नाही. स्टेशन मास्तरला किंवा आरपीएफच्या जवानाला सांगायचं, कुणी दिसलं नाही तर १३९ लावायचा. आणि ते कुंपणाचं भगदाड बुजवून घ्यायला सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, सोबत पुलाची मागणीही करा. शेजारी चार दिवस शिव्या देतील, देऊ देत.