भारताचं धान्य उत्पादन 1950 पासून किती वाढलं आणि कशामुळे?

साधारण साडेसहा पट. 1950-51 मध्ये देशात सुमारे 5 कोटी टन अन्नधान्य पिकत होतं, 2022-23 मध्ये ते जवळपास 33 कोटी टन झालं. याच काळात लोकसंख्या सुमारे चौपट झाली, म्हणजे धान्य तिच्यापुढे गेलं.

नांगराखालची जमीन मात्र फारशी वाढली नाही, वाढला तो एकरी उतारा. हेक्टरी जेमतेम 520 किलोवरून आपण 2,400 किलोच्या वर आलो. खरी उडी गव्हाची. 1966 साली मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. जुन्या उंच जाती खत जास्त झालं की लोळायच्या, या जाती कणसाचा भार पेलून उभ्या राहिल्या. त्याला पंजाब-हरियाणातलं कालव्याचं आणि विहिरींचं पाणी, रासायनिक खत आणि हमीभावाने खात्रीची खरेदी मिळाली. 1964-65 मधला सुमारे 1.2 कोटी टन गहू 1970-71 पर्यंत जवळजवळ दुप्पट झाला!

डाळींच्या वाट्याला हे आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या बहुतेक कोरडवाहूच राहिल्या, आणि दरडोई डाळ आज 1951 पेक्षा कमी मिळते. शिवाय पंजाबात भूजल खोल चाललंय.