माळ्यावरचा कॅमेरा अजून चालतो का?

फिल्म कॅमेऱ्यांवर आलेली बहुतेक पत्रं एकाच प्रसंगातून निघाली आहेत: घरात आवराआवर झाली, जुना कॅमेरा सापडला, आता त्याचं करायचं काय? त्यातले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: वडिलांचा पेन्टॅक्स के१००० ट्रंकेत सापडला. वीसेक वर्षं कुणी हात लावलेला नाही. रोल घालण्याआधी तो धड आहे की नाही, हे घरी कसं तपासायचं? (एक वाचक, सांगली)

आधी आत रोल आहे का ते पाहा. डाव्या बाजूची रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. ती अडली तर आत रोल आहे. पाठ उघडू नका. तळाचं छोटं बटण दाबून रोल पूर्ण गुंडाळून घ्या आणि धुवायला द्या. रंग उडालेले असतील, पण त्यावर घरातलं कुणीतरी नक्की असेल.

मग पाठ उघडा. १९७६ ते १९९७ एवढा काळ निघालेल्या या कॅमेऱ्याचं शटर स्प्रिंग आणि दात्यांवर चालतं. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलवायला. त्यामुळे ‘सेल टाकून पाहिला, काही होत नाही’ म्हणून कॅमेरा मेला असं समजू नका. लेन्स काढा, फिल्म पुढे सरकवायचा लीव्हर ओढा आणि गतीची चकती १ वर ठेवून शटर दाबा. घर्र आवाज येऊन सेकंदाभराने पडदा मिटला पाहिजे. दीड-दोन सेकंद लागले किंवा पडदा मध्येच थांबला, तर आतलं वंगण सुकून चिकट झालं आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच. त्यावर शिलाई मशिनचं तेल सोडणं हा घरगुती उपाय कॅमेऱ्याला कायमचा झोपवतो, कारण ते तेल पसरत पडद्यापर्यंत जातं. कॅमेरा उघडून, साफ करून नव्याने वंगण देणं हे कारागिराचंच काम. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार या मालासाठी आणि दुरुस्तीसाठी जुना ठिकाणा आहे.

कमी गती मोजायला फोन पुरतो. सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये पाठीमागून पडद्याचा व्हिडिओ घ्या. १/३० वर पडदा ८ फ्रेम उघडा दिसायला हवा, १/८ वर ३०. एखाद-दुसऱ्या फ्रेमचा फरक सोडून द्या. १/१००० साठी पाठीमागून उजळ आकाशाकडे बघत शटर दाबा. पूर्ण चौकट चमकली तर ठीक. एका बाजूला काळी पट्टी दिसली, तर दुसरा पडदा पहिल्याला वाटेतच गाठतो आहे आणि फोटोची ती बाजू काळी येईल. फक्त १/१००० वरच असं होत असेल, तर १/५०० च्या खाली राहून कॅमेरा खुशाल वापरा. शेवटी अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या जागेतून टॉर्च मारून कापडी पडद्याला सुईएवढी भोकं पडलीत का ते पाठीमागून पाहा.

सेलचं झाकण तळाला आहे, नाण्याने उघडतं. एलआर४४ एकच लागतो. आत हिरवट-पांढरी पूड जमली असेल, तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. या मीटरला बंद करायचं बटण नाही, त्यामुळे काम झालं की लेन्सचं झाकण लावा. अंधारात मीटर सेल जवळपास खात नाही. झाकण हरवलेल्या के१००० चा सेल सारखा संपतो, तो यामुळे.

प्रश्न: पहिला रोल पूर्ण कोरा निघाला. धुणारा म्हणतो कॅमेरा खराब, कॅमेरा विकणारा म्हणतो धुण्यात गडबड. खरं कोण? (एक वाचक, कोथरूड)

निगेटिव्ह उजेडात धरा, तीच साक्ष देते. कडेला फिल्मचं नाव आणि फोटोंचे आकडे दिसतात का? ते कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात आणि धुतल्यावर उमटतात. ते ठळक असतील आणि मधला भाग कोरा असेल, तर धुणाऱ्याची चूक नाही. फिल्मपर्यंत उजेड पोचलाच नाही. आकडेही गायब असतील, तर रसायनांत चूक झाली. कडांसकट सगळी फिल्म काळी असेल, तर तिला कुठेतरी थेट उजेड लागला, बहुधा रोल न गुंडाळता पाठ उघडल्यामुळे.

दहापैकी नऊ वेळा पहिलाच प्रकार असतो आणि त्यात कॅमेरा निर्दोष असतो. फिल्मचं टोक चकरीच्या खाचेत नीट बसलेलं नसतं. लीव्हर फिरतो, वरचा आकडा पुढे सरकतो, रोल मात्र जागच्या जागी. आकडा लीव्हरच्या फेऱ्या मोजतो, फिल्म मोजत नाही.

रोल घालताना टोक खाचेत घाला, एकदा लीव्हर ओढा आणि वरच्या-खालच्या दोन्ही दात्यांत फिल्मची भोकं बसली की मगच पाठ लावा. आता रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हलके फिरवून ढील काढा. त्यानंतर लीव्हर ओढताना तीच कळ उलट दिशेने फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म हलत नाही. दोन फोटो कोरे सोडून सुरुवात करा.

आकडा ४० वर गेला तरी ३६ चा रोल संपत नाही, हीसुद्धा तीच खूण. आणि रिवाइंड करताना दोन-तीन फेऱ्यांतच कळ हलकी पडली, तर तो रोल धुवायला देऊच नका. टोक बाहेर काढून पुन्हा भरा, त्यावर अजून एकही फोटो नाही.

प्रश्न: फोनमध्ये फिल्मसारखे फिल्टर मिळतात. मग तरुण मुलं या जड कॅमेऱ्यांच्या मागे का? यात भावनेपलीकडे काही आहे का? (एक वाचक, नाशिक)

आहे, पण लोक सांगतात ते नाही. ‘फिल्मचा फोटो जास्त स्पष्ट असतो’ हा समज सोडून द्या. ३५ मिमीच्या निगेटिव्हपेक्षा आजचा साधा डिजिटल कॅमेराही बारकावे जास्त टिपतो. शिवाय निगेटिव्ह शेवटी स्कॅनच होते आणि रंगांचा बराचसा ‘फिल्मीपणा’ स्कॅन करणाऱ्याच्या हातात असतो. रंगांपुरता तुमचा फिल्टरचा मुद्दा बराचसा बरोबर आहे.

फरक दोन ठिकाणी आहे. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड पचवते. दुपारच्या उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्यावरच्या घड्या ती सांभाळते, तिथे डिजिटलमध्ये नुसता पांढरा ठिपका उरतो. कमी उजेड मात्र तिला अजिबात चालत नाही. दुसरं म्हणजे यंत्र. निकॉन एफएम२ हातात घ्या. शटरची गती, छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट), फोकस अशा तीनच गोष्टी ठरवायच्या आणि तिन्ही बोटांखाली दिसतात. मेनू नाही. १९८२ च्या या कॅमेऱ्याचं शटर १/४००० पर्यंत सेलशिवाय चालतं. कंपनी बंद पडली, सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणून तो थांबत नाही. दात्यांचं यंत्र उघडता येतं, समजून घेता येतं, दुरुस्त करता येतं. आमच्या मते खरं आकर्षण हे आहे. कंपन्यांनाही ते कळलं आहे: लायकाने १९८४ चा एम६ २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला आणि पेन्टॅक्सने २०२४ च्या पेन्टॅक्स १७ ला तर मुद्दाम हाताने ओढायचा लीव्हर दिला.

स्वस्त मात्र हा छंद नाही. रोल, धुणं, स्कॅन यांचा हिशेब एका फोटोमागे मांडून मगच उतरा.

प्रश्न: रंगीत फोटोंच्या कडेला नारिंगी-लाल पट्टे येतात. लेन्स खराब आहे का? (एक वाचक, बेळगाव)

लेन्सचा संबंध नाही. पाठीच्या खाचांत बसवलेला काळा फोम विरघळला आहे. उजेड मागून, फिल्मच्या पाठीकडून शिरतो. त्या बाजूला लाल रंग टिपणारा थर सर्वांत जवळ असतो, म्हणून पट्टा लालसर. बोट लावून पाहा, डांबरासारखा चिकटा लागेल.

लाकडी दातकोरणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच कोरून साफ करा. धातूची पिन वापरू नका. लेन्समागच्या आरशाच्या वर एक फोमची पट्टी असते, तीही बहुतेक गेलेली असते. ती काढताना कॅमेऱ्याचं लेन्सकडचं तोंड खाली धरा, म्हणजे कचरा फोकसच्या काचेवर पडणार नाही. आरशाला बोट लावायचं नाही, त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो. बिजागरीकडे आणि आरशापाशी साधारण २ मिमी जाडीचा काळा फोम लावा. लांब खाचांत विणकामाची काळी लोकर दाबून बसवली तरी वर्षानुवर्षं चालते. फोमच्या गोंदाला आधी पाण्याचं बोट लावलं तर तो लगेच चिकटत नाही आणि पट्टी सरकवून नीट बसवता येते.

प्रश्न: ऑलिम्पस ओएम-१ ला लागणारा सेल मिळत नाही. त्याच मापाचा दुसरा टाकला तर फोटो काळपट येतात. (एक वाचक, पणजी)

मूळ सेल पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा होता. पाऱ्यामुळे त्याचं उत्पादन बंद झालं. त्या मापाचा अल्कलाइन सेल दीड व्होल्ट देतो. मीटरला वाटतं उजेड जास्त आहे, तुम्ही छिद्र बारीक करता आणि फोटो काळा येतो. सेल वापरात उतरत जातो तशी चूकही बदलत जाते, त्यामुळे ठरावीक हिशेबाने ती भरून काढता येत नाही.

श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल आणा. तो सुमारे १.४ व्होल्टचा असतो आणि उतरत नाही, एकदम संपतो. व्यास कमी असल्यामुळे भोवती रबरी कडं घालून मधोमध बसवा. वरचा कागद काढला की हवेने त्याची झीज सुरू होते, त्यामुळे काही आठवड्यांनी बदलावा लागेल. शटरला सेल लागत नाही.

आणि मीटर नसला तरी अडत नाही. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६, गती फिल्मच्या आयएसओ आकड्याएवढी: २०० च्या फिल्मला १/२५०, ४०० च्या फिल्मला १/५००. गती तीच ठेवून विरळ ढगांत एफ/११, पांढरं आभाळ असेल तर एफ/८, दाट ढगांत एफ/५.६, उघड्या सावलीत एफ/४. मिरामारच्या वाळूवर भर दुपारी एफ/२२. शंका आली तर निगेटिव्हला एक घर जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्या.

प्रश्न: दर पावसाळ्यानंतर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. (एक वाचक, रत्नागिरी)

बुरशी आहे. आणि पहिला गुन्हेगार चामड्याचं कव्हर. ते ओल धरतं आणि बुरशीला खाऊही घालतं. कव्हर वेगळं ठेवा. कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. दहा लिटरच्या डब्याला दीडेकशे ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० टक्क्यांवर हवा. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोनेक तास भाजले की पुन्हा कामाला येतात. पावसाळ्यात डब्यावर विसंबून राहू नका, आठवड्यातून एकदा लेन्स काढून वापरा.

आलेली बुरशी उन्हात ठेवून जात नाही. वाढ थांबते, धागे तिथेच राहतात. पुढच्या किंवा मागच्या काचेवर असेल तर लेन्स क्लीनरने पुसून निघते. आतल्या काचांसाठी लेन्स खोलावी लागते. काचेचा मुलामा खाल्ला असेल, तर साफ केल्यावरही डाग उरतो. तशी लेन्स टाकू नका. समोरून येणाऱ्या उजेडात तेवढी ती फिकी पडते, उजेड पाठीशी असेल तर फरक जाणवत नाही.

प्रश्न: कृष्णधवल रोल घरी धुवायचा आहे. सगळीकडे २० अंश लिहिलंय, आमच्या नळाला एप्रिलमध्ये ३० अंशांचं पाणी येतं. (एक वाचक, नागपूर)

२० चा हट्ट सोडा, २४ वर काम करा. बर्फ घातलेल्या घमेल्यात बाटल्या उभ्या ठेवल्या की अर्ध्या तासात तापमान तिथे येतं. बर्फ औषधात टाकायचा नाही. इल्फर्ड एचपी५ प्लस या फिल्मला आयडी-११ हे धुण्याचं औषध (डेव्हलपर) एकास एक पाण्यात २० अंशांवर १३ मिनिटं लागतात, २४ वर सुमारे ९. न पातळ केलेल्या औषधाला २० वरच साडेसात मिनिटं पुरतात. तापमान वाढलं की वेळ पाच मिनिटांच्या आसपास येते आणि मग फिल्म एकसारखी धुतली जात नाही. म्हणून उन्हाळ्यात पातळच वापरा.

३५ मिमीच्या एका रोलला प्लास्टिकच्या टाकीत साधारण ३०० मिलि लागतं. पहिली दहा सेकंद टाकी चार वेळा उलटी-सुलटी करा, नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच, आणि दर वेळी ओट्यावर हलकी आपटा म्हणजे बुडबुडे सुटतील. न आपटल्यास निगेटिव्हवर फिकट गोल ठिपके राहतात. मग दहा सेकंद स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रव) आणि एकास चार फिक्सरमध्ये (फोटो पक्का करणाऱ्या द्रवात) तीन ते पाच मिनिटं. धुवायला ताजं पाणी भरून पाच वेळा उलटवा, ओता. पुन्हा भरून दहा, मग वीस. हे पाणीसुद्धा २४ च्या जवळपास हवं. थंड औषधातून एकदम ३० च्या नळाखाली नेलं, तर फिल्मचा थर सुरकुतू शकतो आणि फोटोवर चिरा पडल्यासारखी जाळी येते. ती कशानेही जात नाही.

शेवटचं पाणी बोअरचं नको. क्षार सुकून पांढरे डाग पडतात. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर केमिस्टकडून आणा, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळावं म्हणून घालायच्या द्रवाचे) ५ मिलि. रोल न्हाणीघरात टांगा, आधी गरम पाणी सोडून वाफ करून घ्या म्हणजे उडणारी धूळ बसलेली असेल. पंखा बंद.