क्रोम अगारवरील रंगावरून कॅन्डिडाची प्रजाती कशी ओळखतात?

अहवालातील ‘क्रोम अगार’ या शब्दाबद्दल आपण विचारले आहे. कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी प्रयोगशाळेत वाढवण्याच्या या माध्यमात रंगद्रव्य बांधून ठेवलेली रसायने असतात आणि प्रत्येक प्रजातीची विकरे ती निरनिराळ्या रीतीने तोडतात. त्यामुळे ३७ अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवल्यावर कॅन्डिडा अल्बिकन्सच्या कॉलनी (वाढीचे ठिपके) हिरव्या, ट्रॉपिकॅलिसच्या पोलादी निळ्या, तर क्रुसेईच्या गुलाबी, कोरड्या व खडबडीत दिसतात. आमच्या मुंबईतील प्रयोगशाळेत कधीकधी एकाच प्लेटवर हिरव्या ठिपक्यांना खेटून गुलाबी ठिपके उमटतात. सॅबुरो अगार या बुरशीसाठीच्या साध्या, रंग न दाखवणाऱ्या माध्यमावर हा मिश्र संसर्ग सहज निसटला असता, कारण तेथे दोन्ही पांढरटच दिसतात. क्रुसेईवर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध मुळातच चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांना हा भेद लगेच कळवावा लागतो. जांभळट छटेवर मात्र मी विसंबत नाही. ती ग्लॅब्राटा असेल किंवा कॅन्डिडा ऑरिसही, म्हणून तेथे माल्डी-टॉफ तपासणी (प्रथिनांच्या वस्तुमानावरून प्रजाती ओळखणारी) करावीच.